तापीतलं घंगाळ

माझ्या बायकोचं माहेरचं घंगाळ माझ्या वहिनीने ठेवून घेतलेलं नाही. ते तापीत आहे. मी ते तिथे बुडवलं, आणि ही गोष्ट आजपर्यंत मी कुणाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलेली नाही.

घंगाळ म्हणजे अंघोळीच्या पाण्याचं तांब्याचं पसरट भांडं, दोन बाजूंना दोन कड्या. आता न्हाणीत प्लास्टिकची बादली असते आणि घंगाळ माळ्यावर असतं. पण आमच्या खानदेशात मुलीला आंदण म्हणून ते अजून देतात, आणि हळदीच्या अंघोळीला तेच लागतं. बायकोचं घंगाळ सोनगीरला घडवलेलं होतं. तिचे वडील, ज्यांना सगळं घर नाना म्हणायचं, ते घडत असताना तांबटाच्या दुकानात दिवसभर बसून राहिले होते. का बसलात म्हणून विचारलं तर म्हणाले, नजर हटली की पत्रा पातळ लावतात. काठावर ठिपक्याठिपक्यांनी मुलीचं नाव आणि खाली ‘वडिलांकडून’ असं त्यांनी कोरून घेतलं. इकडे भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतंच. लग्नकार्याला भांडी या घरून त्या घरी जातात आणि नाव वाचून परत येतात. निदान यायला हवीत.

काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाच्या मुलीचं लग्न झालं. भाऊ पारोळ्याजवळच्या गावी शेती करतो, मी जळगावला एका शाळेत क्लार्क आहे. हळदीला आमचं घंगाळ गेलं. वहिनीचं स्वतःचं होतं, पण त्याची एक कडी निखळलेली होती, आणि नवरीला मोडक्या भांड्यातलं पाणी घालायचं नाही असं बायकांनी ठरवलं. लग्न लागल्यावर माझी बायको मुलीला घेऊन बसने पुढे गेली. मुलीची परीक्षा होती. मी मांडव उतरवायला थांबलो. निघताना वहिनीने घंगाळ चिंचेने घासून, लख्ख करून माझ्या हातात दिलं.

लग्नाला माझा एक मित्र आला होता. त्याची पिकअप होती. तो म्हणाला, चल, सोडतो. जळगाव पूर्वेला आहे. आम्ही वायव्येला गेलो. शिंदखेड्याच्या बाजूला तापीवर बॅरेज आहे, त्यामागे पाणी लांबवर फुगून राहतं. तिथल्या एका मच्छीमाराशी मित्राची ओळख होती. आमच्या घरात कुणी पीत नाही हे सगळ्या गावाला माहीत आहे, म्हणून प्यायचं असलं की मला गावापासून लांब जावं लागे.

आम्ही होडीत बसून मध्यावर गेलो. ऊन होतं. बाटल्या घंगाळात ठेवल्या, वरून बर्फ टाकला आणि घंगाळ पाण्यावर सोडलं. कल्पना मित्राची, पण कडीला दोरी मी बांधली. घंगाळ फार सुंदर तरंगत होतं. आम्ही त्याचे फोटो काढले. मग दोरी सुटली, घंगाळ थोडं पुढे गेलं, तिरकं झालं आणि गेलं. रिकाम्या बाटल्या तेवढ्या वर आल्या. मित्राने दोनदा बुडी मारली. मला पोहता येत नाही, म्हणून मी जागा दाखवत राहिलो. दुसऱ्या बुडीनंतर तो वर आला आणि म्हणाला, खाली चिखल आहे.

फोटो मी त्याच संध्याकाळी पुसून टाकले.

घरी आलो तर बायकोने विचारलं, “घंगाळ?”

“राहिलं.”

“कुठे राहिलं?”

“तिकडेच.”

हे खोटं नव्हतं, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. खोटं पुढच्या आठवड्यात बोललो. बायकोने वहिनीला फोन लावला, स्पीकर चालू होता. वहिनी म्हणाली, “अवं, भाऊजीस्ना हातमा दिधं व्हतं मी.” बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी नखं कापत होतो. मी म्हणालो, “मला तर काही आठवत नाही.”

 वहिनीने पुन्हा सांगितलं असतं, शपथ घातली असती, माझा पाणउतारा केला असता, तर मी बहुधा कबूल झालो असतो. ती फक्त म्हणाली, “बरं.” आणि फोन ठेवला.

त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, बायको गावी जायची बंद झाली. उन्हाळ्यात वहिनीकडून बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, यायचे, ते बंद झाले. आमच्या जेवणात तेवढा फरक पडला, बाकी माझं सगळं सुरळीत होतं. भावाने एकदा विचारलं, “काय झालं रे या दोघींना?” मी म्हणालो, “बायकांचं काहीतरी.” तो म्हणाला, “हो ना,” आणि आम्ही कपाशीवर बोललो.

बायको मात्र गप्प बसणाऱ्यातली नाही. नाना तोवर वारले होते, आणि त्यांच्या हातचं म्हणावं असं ते एकच भांडं होतं. तिने ज्याला त्याला सांगितलं. मग एका नात्यातल्या लग्नात मी डोळ्यांनी पाहिलं. भांड्यांच्या खोलीतून वहिनी वाटी घेऊन बाहेर आली आणि घरची म्हातारी आत जाऊन भांडी मोजायला लागली. मोठ्याने मोजत होती. वहिनी दाराशी उभी राहून ते मोजणं संपेपर्यंत ऐकत राहिली. मी पंगतीत होतो. मला जिलबी वाढली होती. मी ती खाल्ली.

मी काय केलं म्हणाल, तर दर उन्हाळ्यात पेपरात धरणांच्या पाणीसाठ्याची बातमी येते, ती मन लावून वाचायला लागलो. बॅरेज कोरडं पडलं तर काठाने जाऊन बघावं, असा विचार होता. आमच्याकडे माणसं पावसासाठी नवस बोलतात. मी दुष्काळाची वाट बघत होतो. तो पडला असता तरी मी गेलो असतो की नाही, सांगता येत नाही.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीचं लग्न ठरलं. बायको म्हणाली, पोरीला घंगाळ सोनगीरचंच देणार, नानांनी मला दिलं तसं. हे पुतणीच्या कानावर गेलं. पुतणी म्हणजे जिच्या हळदीचं हे सगळं. तिचा नवरा, आमचा जावई, नाशिकला असतो आणि सुट्टीत पक्ष्यांचे फोटो काढतो. दोघांनी मिळून एका दिवसाची सहल ठरवली. सकाळी बॅकवॉटरला होडीतून पक्षी, दुपारी काठावर भरीत, तिथून सोनगीरला तांबटांकडे. काका, काकू, आई आणि आम्ही दोघं. माझ्या भावाचे गुडघे दुखतात म्हणून तो सुटला. काकू आणि आईला एका गाडीत बसवायचं हा खरा बेत होता, हे कुणी बोललं नाही आणि सगळ्यांना माहीत होतं.

बॅकवॉटर कुठलं, हे मला आदल्या दिवशी कळलं.

मी म्हणालो, “तिथे थंडी फार असते.”

जावई म्हणाला, “म्हणून तर पक्षी येतात, काका.”

पारोळ्याहून वहिनी आणि पुतणी गाडीत बसल्या. डिकीत वहिनीने दोन गाठोडी ठेवली. एक पोत्यातलं, एक जुन्या लुगड्यात बांधलेलं, आणि ते ठेवताना तिला दोन्ही हात लागले. भरिताचं सामान असेल असं मला वाटलं. बायको खिडकीतून बाहेर बघत होती. वहिनी दुसऱ्या खिडकीतून. मधे पुतणी, तिने रस्त्यात लागणाऱ्या प्रत्येक पाटीचं वाचन केलं.

होडीवाला तिथलाच होता, आणि देवाची कृपा, त्या दिवसाचा मच्छीमार नव्हता. त्याने आम्हाला केशरी जॅकेटं दिली आणि वजनाचा अंदाज घेत एकेकाला बसवलं. जावई पुढे. पुतणी त्याच्यामागे. मग त्याने माझ्याकडे बोट केलं. “भाऊ, तुम्ही मागे, मन्हाजोडे. या दोन्ही अक्का मधल्या फळीवर.”

बायको म्हणाली, “मी पुढे बसते.”

“पुढे बसशात तर होडी नाक खुपसी. मधमा बसा. जोडेजोडे.”

दोघी बसल्या. फळी लहान होती आणि जॅकेटं फुगीर, त्यामुळे दोघींना एकमेकींकडे कलल्याशिवाय बसता येईना. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदा एकमेकींना टेकल्या, तेही फोमच्या जाडीतून.

पाणी सपाट होतं. जावयाला चक्रवाक दिसले. शेकाट्या दिसल्या. त्याने दाखवलं तिकडे आम्ही सगळे बघत होतो. मी मात्र पलीकडच्या काठावरचा बाभळीचा झुपका आणि मंदिराचा कळस एका रेषेत येतात का ते बघत होतो. त्या दिवशी मित्राला जागा दाखवताना तीच खूण होती. ते एका रेषेत आले आणि मी पाण्यात पाहिलं. काही दिसलं नाही. पाणी हिरवट होतं.

पुतणीने होडीवाल्याला विचारलं, “दादा, जाळ्यात मासे सोडून काय काय येतं?”

“काय येत नही ते इचारा ताई. नारय येतस. चपला येतस. गणपती येतस. एक दाव कुकर उना, शिटीसकट.”

जावई हसला. बायकोही हसली. “आणि तांब्यापितळेचं?”

“ते जड ऱ्हास अक्का. ते गाळमा जास. गाळमा गयं ते तापीमायनं.”

बायकोने हात जोडले, नदीला. वहिनीने मान मागे वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. भाजी घेताना वजनकाट्याकडे बघतात तसं. मी जॅकेटचा पट्टा घट्ट केला.

तिला तापीचं काही माहीत असायचं कारण नव्हतं, अजूनही नसेल. पण घंगाळ तिने कुणाच्या हातात दिलं, हे तिला त्या दिवसापासून माहीत होतं. तिला माहीत आहे हे मला माहीत होतं. आमच्या दोघांतच ही गोष्ट होती, आणि आळ सोसायचं काम तिच्याकडे आणि जेवायचं काम माझ्याकडे अशी त्या गोष्टीची वाटणी झालेली होती.

काठावर आलो. होडीवाल्याच्या घरच्यांनी कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून ठेवली होती. वहिनीने पोत्यातून बडगी काढली. बडगी म्हणजे भरीत ठेचायचं लाकडी भांडं, लांबट, होडीसारखंच दिसतं. दुसरं गाठोडं डिकीतच राहिलं. वहिनी वांगी सोलून ठेचत होती, बायको कांद्याची पात चिरत होती. दोघींची तोंडं दोन दिशांना. पात संपल्यावर बायकोने ताट सरकवलं. वहिनीने ते न बघता घेतलं. मग तिने भरिताचा घास बडगीतून उचलून, दोघींच्या मधे हवेत धरला आणि म्हणाली, “मीठ दख.”

बायकोने घास घेतला. थोडा वेळ चावला.

“बरं आहे,” ती म्हणाली.

पुतणी उठून लांब गेली आणि पाण्याकडे तोंड करून उभी राहिली. जावयाने तिला दुर्बीण नेऊन दिली, तिला ती नको होती.

सोनगीरला पोहोचेपर्यंत ऊन कललं होतं. किल्ल्याखालच्या गल्लीत शिरलं की ठोके आधी ऐकू येतात, दुकान मागून दिसतं. बायकोला नानांचं दुकान आठवत होतं, म्हणजे गल्ली आठवत होती. दुकानात आता वेगळी माणसं होती. तांबट पन्नाशीचा, बोलका, कानाला मोबाईल आणि खांद्याने तो धरून हाताने ठोकत होता. त्याने आम्हाला स्टुलं दिली, चहा सांगितला, आणि तांब्याच्या पाण्याचे फायदे सांगायला लागला. ते त्याने बहुतेक मोबाईलवर वाचले होते.

बायकोने माप सांगितलं. हाताने गोल करून दाखवलं. “एवढं. काठ जाड. दोन कड्या.”

“नमुना काही आहे का ताई? जुनं मोडीला असलं तर ते आणा. मोडीवर नवं परवडतं.”

बायको म्हणाली, “होतं. सोनगीरचंच होतं, इथल्याच गल्लीतलं. राहिलं एका घरी.”

तांबटाला यातलं काही माहीत नव्हतं. तो म्हणाला, “मग मागून घ्या ना त्यांच्याकडून. भांड्यावर नाव असेल की.”

 शेजारच्या दुकानातले ठोके चालू होते. वहिनी उठली आणि गाडीकडे गेली. जावई चावी घेऊन तिच्यामागे धावला. ती लुगड्यातलं गाठोडं दोन्ही हातांत घेऊन आली, दुकानाच्या पायरीवर ठेवलं आणि गाठ सोडली.

तिचंच घंगाळ होतं. एक कडी निखळलेलं. काठावर तिच्या वडिलांचं, म्हणजे दादांचं नाव, त्यांच्या गावाचं नाव.

“हाई ले,” ती बायकोला म्हणाली. “तुन्हं नही शे हाई. तुन्हं आते मिळाव नही. पण पोरीना लगीनमा घंगाय पाहिजे. कडी बसाडी ले.”

“अक्का, हे तर तुमच्या दादांनी दिलेलं,” बायको म्हणाली.

“दादा काय पाहाले येस?”

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, शेवटी वहिनीने कबूल केलं. ठेवून घेतलं, हरवलं किंवा विकलं, जे काही केलं ते कबूल केलं, आणि आपलं देऊन भरून दिलं. एवढ्या वर्षांचा तिचा राग खरा ठरला आणि त्याच मिनिटाला संपला. तिने वहिनीचा हात धरला. म्हणाली, “जाऊ द्या अक्का. माझ्या मनात आता काही नाही.” तिने वहिनीला माफ केलं. वहिनीने ती माफी घेतली. पुतणी रडत होती. जावयाने फोटो काढला. मी चहाचा कप धरून होतो.

तांबटाने घंगाळ उलटंपालटं केलं, बोटाने वाजवलं. “माल चांगला आहे. मोडू नका. कडी बसवतो, वरून ठोके देऊन मठारून देतो, नव्यासारखं होईल. फक्त हे जुनं नाव. ठेवायचं की काढायचं?”

बायकोने वहिनीकडे पाहिलं.

“काढा,” वहिनी म्हणाली. “पोरीना घंगायवर मन्हा बापनं नाव काब्र?”

तांबट माझ्याकडे वळला. अशा गोष्टी पुरुषाला विचारायची रीत आहे. “भाऊ, नवं नाव काय घालू? कुणाकडून?”

हीच वेळ होती. मला ते तेव्हाही कळत होतं, नंतर कळलं असं नाही.

मी मुलीचं नाव सांगितलं. “आणि खाली?” तो म्हणाला. मी म्हणालो, “आईवडिलांकडून.”

त्याने काठाला ग्राइंडर लावला. तांब्याचा वास सुटला. वहिनीच्या वडिलांचं नाव जायला वेळ लागला नाही, गावाचं नाव खोल कोरलेलं होतं, त्याला लागला. मग घासलेली जागा झाकायला त्याने वरून हातोडी घेतली आणि ठोके द्यायला सुरुवात केली. बंदिस्त दुकानात, पत्र्याच्या छपराखाली तो आवाज कानात मावत नव्हता. वहिनी माझ्या शेजारी उभी होती. बायको तिच्या पलीकडे. तेव्हा मी बोललो. म्हणालो, “घंगाळ वहिनींनी माझ्या हातात दिलं होतं. ते मी तापीत घालवलं.” अगदी असंच म्हणालो. ओठ हलवले, आवाज काढला, शब्द न शब्द उच्चारला. मलाही तो ऐकू आला नाही.

ठोके थांबल्यावर बायको म्हणाली, “काय म्हणालात?”

“छान झालं म्हटलं,” मी म्हणालो.

ते बोलणं धरायचं की नाही, हे मी बरेच दिवस ठरवत होतो. धरायचं नाही. मी ठोके सुरू व्हायची वाट बघितली होती.

घंगाळ गुंडाळून झालं तेव्हा जावई उचलायला पुढे आला. वहिनीने त्याला हाताने थांबवलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “ऱ्हाऊ द्या जावईबापू. भाऊजी, तुम्ही उचला. हाई तरी नीट घर ली जा.”

सगळे हसले. मला ओझी उचलायचा कंटाळा आहे हे घरात प्रसिद्ध आहे, त्यांना वाटलं ती त्यावर बोलली. मी घंगाळ उचललं. गाडीत जळगावपर्यंत मांडीवर धरून बसलो. बायको म्हणाली, डिकीत ठेवा ना. मी म्हणालो, असू दे.

आता सगळं छान चाललं आहे. दोघी फोनवर बोलतात, बराच वेळ बोलतात. या उन्हाळ्यात बिबडे आले, मागच्या वर्षांचेही धरून आल्यासारखे भरपूर आले. बायको नातेवाइकांत सांगते की अक्कांनी शेवटी मन मोठं केलं, आपलं घंगाळ दिलं. ती हे कौतुकाने सांगते. ऐकणारी माणसं मान हलवतात आणि वहिनीने पहिलं घंगाळ घेतलं होतं हे त्यांच्या मनात पक्कं होतं. म्हणजे आधी नुसता आळ होता, आता तिचा कबुलीजबाब झाला आहे. तो तिने माझ्यासाठी दिला, की माझ्या मुलीसाठी, की त्या भांडी मोजण्याचा कंटाळा आला म्हणून, हे मी तिला विचारलेलं नाही. विचारायला आधी बरंच काही सांगावं लागेल.

घंगाळ आमच्या माळ्यावर आहे. काठावरून बोट फिरवलं तर एका जागी पत्रा पातळ लागतो. नाना असते तर त्यांच्या लगेच लक्षात आलं असतं.

बायको मी लिहिलेलं वाचत नाही. वहिनीला चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि ती चष्मा लावत नाही. तेव्हा हे लिहिलं म्हणजे सांगितलं असं मी धरत नाही. मुलीच्या हळदीला दोघी समोर असतील, घंगाळ मधे असेल. वहिनीचं एक वाक्य माझ्याकडे राहिलं आहे, घंगाळ तिने माझ्या हातात दिलं होतं, हे. ते मला बायकोसमोर, आजूबाजूला काही वाजत नसताना, मोठ्याने म्हणायचं आहे. अजून म्हटलेलं नाही.